खिशातल्या ई-रीडरचे पैसे कुठून द्यावेत?

प्रश्न : मी ३१ वर्षांची आहे, मुलुंडला राहते आणि फोर्टमधील एका कार्यालयात नोकरी करते. हातात येणारा पगार ३९,००० रुपये आहे. लोकलमध्ये रोज जाऊन-येऊन जवळजवळ दोन तास जातात आणि ते मोबाइलवर रील्स पाहण्यात संपतात. मराठी कादंबऱ्या आणि दिवाळी अंक वाचण्याची जुनी सवय परत लागावी म्हणून पर्समध्ये सहज मावणारा, सव्वाचार इंची पडद्याचा ई-रीडर, म्हणजे डिजिटल पुस्तके वाचण्याचे छोटे यंत्र, घ्यावासा वाटतो. आयात करून विकणारा एक ऑनलाइन विक्रेता तो ८,५०० रुपयांना, क्रेडिट कार्डावर सहा विनाव्याज हप्त्यांत देतो आहे. कार्डावर आधीचे २६,००० रुपये थकलेले आहेत आणि दरमहा मी ३,००० भरते. ९०,००० रुपयांची मुदत ठेव आहे. हा खर्च करावा का?

उत्तर : सप्रेम नमस्कार. आमच्या आर्थिक सल्ल्याच्या व्यवसायात अशा प्रश्नाला एक ठरीव उत्तर असते. ८,५०० रुपये १० टक्क्यांनी दहा वर्षे गुंतवले तर २२,००० होतील, तेव्हा यंत्र घेऊ नका, असे ते उत्तर. ते मला पटत नाही. रोजचे दोन तास पुस्तकात जाणार असतील तर ही रक्कम आपल्या पगाराला जड नाही. माझी हरकत यंत्राला नाही, त्याचे पैसे कार्डावरून देण्याला आहे.

कार्डाच्या थकबाकीवर बहुतेक बँका दरमहा ३ ते पावणेचार टक्के व्याज लावतात. साडेतीन टक्के धरले तर २६,००० वर महिन्याचे व्याज ९१० रुपये होते, त्यावर १८ टक्के जीएसटी लागून ते १,०७४ रुपयांवर जाते. म्हणजे आपण भरत असलेल्या ३,००० पैकी एक तृतीयांशाहून अधिक रक्कम मुद्दलाला शिवतच नाही. कार्डावर एकही नवी खरेदी न करता असेच भरत राहिलात तरी थकबाकी फिटायला सुमारे ११ महिने लागतील आणि तोवर सुमारे ६,८०० रुपये व्याजात गेलेले असतील. शिवाय मागील थकबाकी पूर्ण फेडलेली नसेल तर नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, खरेदीच्या दिवसापासूनच व्याज सुरू होते, ही गोष्ट कार्ड वापरणाऱ्या पुष्कळांच्या ध्यानात नसते.

‘विनाव्याज हप्ता’ या शब्दावरही फार विसंबू नये. शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नसल्याचे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावले होते. व्याज कुठे तरी असतेच. ते वस्तूच्या किमतीत मुरवलेले असते किंवा रोखीने घेणाऱ्याला मिळणारी सवलत हप्तेवाल्याला नाकारली जाते. वर प्रक्रिया शुल्क आणि व्याजाच्या भागावरचा जीएसटी बहुधा आपल्यालाच भरावा लागतो.

म्हणून पहिले काम असे की, मुदत ठेव मोडून २६,००० रुपये कार्डावर एकरकमी भरावेत आणि उरलेल्या रकमेची नवी ठेव करावी. बँक ठेवीतील काही भागच काढू देत असेल तर अधिक बरे. ठेव मोडताना मन खट्टू होते, हे मी जाणतो. परंतु जी ठेव वर्षाला सहा-सात टक्के देते, ती जपण्यासाठी वर्षाला चाळीस टक्क्यांच्या पुढे जाणारे कर्ज अंगावर बाळगणे परवडणारे नाही, आणि मुदतपूर्व मोडण्याचा दंड व बुडालेले व्याज मिळूनही ते ६,८०० च्या जवळपास जात नाही. कार्डाकडे जाणारे ३,००० रुपये मग दरमहा मोकळे होतील. त्यातील २,००० ठेवीची खोट भरून काढण्यासाठी आवर्ती खात्यात टाकावेत, १,००० वाचनासाठी वेगळे ठेवावेत. नऊ महिन्यांत यंत्राचे पैसे रोख उभे राहतील. बोनस मिळाला तर त्याआधीच.

नऊ महिने वाचनावाचून काढा, असे मात्र मी म्हणत नाही. दादर पूर्वेला, नायगावात १८९८ साली स्थापन झालेले मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे आणि दादर आपल्या रोजच्या वाटेवरच आहे. शहरातील अनेक खासगी वाचनालये ठरावीक वर्गणीत हंगामभर दिवाळी अंक आळीपाळीने वाचायला देतात. उभ्याने प्रवास करताना एका हातात कडी आणि दुसऱ्या हातात चारशे पानांची कादंबरी हे जमत नाही, हे खरे. छोट्या यंत्राचा खरा फायदा तिथेच आहे, शिवाय त्यावर रील्स नसतात. परंतु जाताना बसायला मिळत असेल तर तेवढ्यापुरते पुस्तक चालेल. दोन-तीन महिने आठवड्यातून चार दिवस तरी वाचन झाले, तर यंत्र कपाटात पडून राहणार नाही अशी खात्री बाळगता येईल.

आता यंत्राविषयी, कारण आपल्या बाबतीत किमतीहून मोठी जोखीम मला इथे दिसते. आपल्याला मराठी वाचायचे आहे आणि अशी लहान, स्वस्त यंत्रे मुख्यतः रोमन व चिनी लिपींसाठी घडवलेली असतात. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते, पण दिसायला आधी यावी लागते, आणि जोडाक्षरे जुळवावी लागतात. ही जुळणी यंत्रातील प्रणालीला येत नसेल तर नुसता मराठी फाँट टाकून भागत नाही. दिवाळी अंक पीडीएफ स्वरूपात मिळाले तरी त्यांची मोठी, दोन स्तंभांची पाने सव्वाचार इंचांत मुंगीएवढ्या अक्षरांची होतात, कारण पीडीएफमधील मजकूर पडद्याप्रमाणे पुन्हा मांडला जात नाही. ईपब या ई-पुस्तकांच्या स्वरूपात तो मांडला जातो, आणि प्रताधिकार संपलेले पुष्कळ मराठी साहित्य विकिस्रोत या मुक्त ऑनलाइन ग्रंथालयावरून ईपबमध्ये विनामूल्य उतरवून घेता येते. विकत घेतलेली ई-पुस्तके मात्र अनेकदा त्या-त्या विक्रेत्याच्या अॅपमध्येच उघडतात, तेव्हा आपल्या आवडीची पुस्तके कुठे मिळतात, ते आधी पाहावे. काही छोट्या यंत्रांच्या पडद्याला स्वतःचा उजेडही नसतो. डब्यात त्याने अडणार नाही, रात्री अंथरुणात अडेल.

पैसे जमले की विक्रेत्याला एक ईपब फाइल पाठवावी, तिच्यात ‘विद्यार्थी’, ‘क्षितिज’, ‘स्त्रियांच्या’ आणि ‘वाऱ्यावर’ एवढे चार शब्द असावेत, आणि ते यंत्राच्या पडद्यावर कसे दिसतात याचे छायाचित्र मागावे. वेलांटी आणि जोडाक्षरे जागच्या जागी असतील आणि बिघाड झाल्यास भारतातच दुरुस्ती किंवा बदली मिळेल असे तो लेखी देत असेल, तर यंत्र जरूर घ्यावे. छायाचित्र पाठवायला त्याने टाळाटाळ केली, तर त्याच पैशांत आणखी काही महिन्यांची भर घालून मराठी नीट दाखवणारा सहा इंची ई-रीडर घ्यावा. तो खिशात मावणार नाही, पण पर्समध्ये मावेल.