गंजलेला फ्लायप्रेस घेतलास, आता घाई नको

नाशिकजवळच्या सातपूरच्या भंगारातून फ्लायप्रेस, म्हणजे दांडा फिरवून स्क्रूनं दाब देणारा हातप्रेस, उचललास ते बरं केलंस. बिडाची बॉडी तडकलेली नसेल तर नुसत्या गंजाला घाबरू नकोस. आधी रॅमखाली, म्हणजे स्क्रूनं वरखाली होणाऱ्या भागाखाली, लाकडी ठोकळा दे आणि दांड्यावरचे गोळे उतरव. स्क्रू अचानक सुटला तर तो जड दांडा गरकन फिरतो, हाड मोडतं.

जाम स्क्रूला पाइप लावून जोर करू नकोस. डिझेलमध्ये ऑइल मिसळून वरून सोड, रात्रभर मुरू दे, सकाळी थोडं पुढे, थोडं मागे असं हलव. आट्यांतून काळा चिकट लगदा निघेल, ते वाळलेलं ग्रीस. पितळी ब्रशनेच काढ. स्क्रू ज्यात फिरतो तो नट बहुधा गनमेटलचा, म्हणजे तांबं-कथलाच्या मऊ मिश्रधातूचा असतो, पोलादी तारेचा ब्रश त्याला ओरबाडतो.

सुटे पोलादी बोल्ट 1 भाग उसाची मळी (मोलॅसिस) आणि 9 भाग पाणी यात आठवडाभर बुडवून ठेव. अ‍ॅसिड मात्र नको, त्याच्या वाफेनं शेजारची हत्यारंही गंजतात.

रॅमच्या गाईडवर, म्हणजे तो सरकतो त्या वाटेवर, ग्राइंडर चालवलास तर प्रेस गेलाच! तिथे फक्त बारीक पॉलिश पेपर आणि तेल. शेवटी जिबचे, म्हणजे रॅमला बाजूने धरणाऱ्या पट्टीचे, स्क्रू आवळून रॅमचा ढिलेपणा काढ, आणि पावसाळ्याआधी उघड्या लोखंडावर ग्रीसचा हात फिरव.