रिपीटर घ्यायच्या आधी हे वाचा भाऊ

भाऊ, तुमची पोस्ट वाचली अन् आमच्याच घराचा नकाशा कोणी टाकला का काय असं वाटलं. समोर सपरीत (ओसरीत) फायबरचा डब्बा, म्हणजे वायफायचा राऊटर, मग मातीच्या भिंतीचं माजघर, मग स्वयंपाकघर, अन् साऱ्यात मागं स्लॅबची खोली जिथं पोरीचा क्लास असते. मागं नेट पोचत नाही, डब्ब्याजवळही "कधी मस्त कधी बेकार", अन् नेट कंपनीच्या तालुक्याच्या ऑफिसातून सांगून राहिले का भिंती जाड आहेत, रिपीटर (वायफायचा सिग्नल पकडून पुढं देणारा डब्बा) घ्या. खाली चार जणांनी मेश (एकमेकांशी जोडलेले दोन-तीन वायफाय डब्बे) घ्या, हा घ्या तो घ्या म्हणून सल्लेही देऊन टाकले. थांबा जरा.

आधीच सांगतो, मी इंजिनिअर नाही. कृषी केंद्र आहे माझं, बिलिंग घरूनच होते, म्हणून नेट गेलं का सीझनमध्ये गिऱ्हाईक समोर उभं राहते अन् आपण मोबाईल हातात घेऊन अंगणात फिरतो. घर खारपाणपट्ट्यात, पांढऱ्या मातीच्या हात-दीड हात रुंद भिंती. डब्बा बंद-चालू करणं, उंचावर ठेवणं वगैरे तुम्ही केलंच असन, ते नाही लिहीत.

तुमच्या पोस्टमधलं कामाचं वाक्य एकच आहे, डब्ब्याजवळही कधी कधी बेकार चालते ते. भिंतीचा दोष असता तर डब्ब्याजवळ कायम चांगलं पाहिजे होतं ना, तिथं मधात भिंत आहेच कुठी? म्हणजे तुमच्या घरी दोन वेगळ्या भानगडी आहेत, एक हवेतली (वायफायची) अन् एक तारेतली (बाहेरून येणाऱ्या फायबरची), अन् ऑफिसवाले दोन्ही भिंतीच्या नावावर खपवून राहिले. हवेतली भानगड तुम्ही घरीच निस्तरू शकता. तारेतली त्यांची आहे, त्यांनीच दुरुस्त केली पाहिजे, अन् तेच त्यांना करायचं नसते.

पाहायची पद्धत सोपी आहे. लॅपटॉप असन तर लॅनची वायर (नेटची जाड केबल) थेट डब्ब्याला लावून स्पीड पाहा, सकाळी एकदा अन् रात्री जेवणाच्या टायमाला एकदा. लॅपटॉप नसन तर डब्ब्यासमोर उभं राहून मोबाईल ५ गीगाहर्ट्झवर (वायफायचा वेगवान पण जवळच पोचणारा पट्टा, दुसरा २.४ चा) लावून पाहा. तिथंच स्पीड पडत असन तर घरात काहीही लावा, फरक पडत नाही. दुसरं म्हणजे डब्ब्याच्या सेटिंगच्या पानावर ऑप्टिकल पॉवर किंवा आरएक्स पॉवर असं काहीतरी लिहिलेलं असते, फायबरमधून किती प्रकाश येते ते सांगणारा वजा आकडा असतो, डीबीएम ह्या मापात. वजा १५ ते वजा २४ च्या मधात असला तर झोपा निवांत. वजा २७ च्या पलीकडे (वजा २८, २९ असा) गेला का लाइन काठावर आहे समजा. अन् इथं ३ चा फरक म्हणजे प्रकाश अर्धा, म्हणून वजा २४ अन् वजा २७ सारखेच दिसतात पण सारखे नसतात. काही कंपन्या हे पान कुलूपबंद ठेवतात, तसं असलं तर लाइनमनच्या मीटरवर स्वतःच्या डोळ्यानं आकडा पाहायचा अन् फोटो काढायचा.

आता आमचं काय झालं ते. ऑफिसचं नाव लिहीत नाही, उगाच भांडण नको, तसंही सगळीकडं सारखंच आहे. तक्रार केली का फोन येणार, "सर लाल लाइट आहे का?" नाही म्हटलं का "मग लाइन ओके आहे, तुमच्या घराचा प्रॉब्लेम आहे." अरे पण लाल लाइट प्रकाश जवळपास पार गेला का लागते, अर्धामुर्धा येऊन राहिला असन तर डब्बा हिरवाच दिसते अन् नेट तुटत राहते, हे त्यांना माहीत नाही असं कसं म्हणता येईल? मग एक पोरगा येणार, डब्ब्याजवळ उभा राहून स्पीड टेस्ट करणार तेही भर दुपारी जेव्हा गावात कोणीच नेट वापरत नाही, स्क्रीनशॉट काढणार, अन् म्हणणार ओटीपी आला असन तो द्या. ओटीपी दिला का तक्रार "निवारण झाले" म्हणून बंद. संध्याकाळी पुन्हा तेच, पुन्हा नवीन तक्रार, पुन्हा पहिल्यापासून, जुनं काही त्यांच्याकडं दिसतच नाही. वरतून काउंटरवरच्या माणसानं रिपीटर गळ्यात मारला. आमच्या घरच्या भिंतीवर त्यानं जेवढं भाषण दिलं तेवढं आमच्या आजोबानंही दिलं नसन, अन् त्या माणसानं घर एकदाही पाहिलं नव्हतं.

शेवटी एक दुसराच लाइनमन आला, खांबावरच्या पेटीचं काम होतं त्याचं, त्याला चहा पाजला अन् म्हटलं बावा मीटर लावून पाह्य एकदा. घरात वजा २९. खांबावर चांगलं होतं. फायबर खिडकीच्या गजाला काटकोनात वाकवून वरून प्लॅस्टिकची पट्टी करकचून आवळलेली होती, बसवणाऱ्यानंच. फायबर असं मोडून वाकवलं का प्रकाश वळणावरूनच बाहेर सांडते. त्यानं पट्टी कापली, टोक नवीन केलं, मोठं वळण दिलं, वजा २१ आला. एवढंच काम होतं, अन् त्याच्यापायी अख्खा खरीप गेला आमचा.

म्हणून माझं म्हणणं (पटलं तर घ्या), तक्रारीचा डॉकेट नंबर (नोंदणी क्रमांक) लिहून ठेवा, काम झाल्याबिगर ओटीपी देऊ नका, पोरगा कितीही गयावया करो. ट्रायच्या (टेलिफोन-नेट कंपन्यांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) २०१२ च्या नियमाप्रमाणं कंपनीत तक्रारीच्या वर अपील असते, डॉकेट नंबर त्यासाठी कामी येते. ट्रायला थेट लिहून फायदा नाही, ते एकेकट्या गिऱ्हाइकाची तक्रार स्वतः सोडवत नाहीत.

हवेतल्या भागावर आता. रिपीटरच्या मी विरोधात आहे, कोणाला चांगला अनुभव असन तर असू द्या. साधा रिपीटर आतल्या एकाच रेडिओवर सिग्नल घेतो अन् त्याच्यावरच पुढं देतो, म्हणून स्पीड अर्ध्यावर येते. अन् लोक तो लावतात कुठी, तर जिथं सिग्नल नाही तिथंच! त्यालाच मिळून नाही राहिलं तर तो पोरीला काय देईल. ५ गीगाहर्ट्झ मातीच्या भिंतीतून जात नाही म्हटलं तरी चालते, २.४ जाते पण दोन भिंतीनंतर दमते, पावसाळ्यात भिंती ओल धरतात तेव्हा आणखीच.

वायर टाका. मागच्या खोलीपर्यंत लॅनची केबल अन् तिथं दुसरा राऊटर, जुना पडला असन तोही चालते. त्याचा आयपी (नेटवर्कमधला पत्ता) बदला (समोरचा १९२.१६८.१.१ असन तर ह्याला १९२.१६८.१.२), डीएचसीपी (मोबाईल-लॅपटॉपला पत्ते वाटायचं काम, ते समोरचाच करते) बंद करा, अन् केबल त्याच्या लॅन लिहिलेल्या भोकात लावा, वॅन लिहिलेल्या नाही. नाव-पासवर्ड समोरच्यासारखाच ठेवा म्हणजे मोबाईल स्वतःच बदलते. २.४ वर समोर चॅनल १ अन् मागं ६ किंवा ११, एकमेकांवर चढत नाहीत. केबल १०० मीटरपर्यंत चालते, आपलं घर कितीही लांबट असलं तरी तेवढं नाही. केबल घेताना मात्र ब्लेडनं तार खरवडून पाहा, आत पांढरी निघाली तर ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा आहे, परत करा. बाहेरून टाकायची असन तर काळ्या जाड आवरणाची घ्या, साधी आपल्या उन्हात लवकर तडकते. अन् वानरं! केबल मोकळी लोंबकळली का त्यांचा झोका झाला, पाइपातूनच न्या.

कूलर कुठं आहे ते पाहा. टिनाचा डब्बा, आत पाणी भरलेलं, अन् लोक राऊटर त्याच्याच बाजूच्या कोनाड्यात ठेवतात. पत्रा सिग्नल परतवते अन् पाणी शोषते. धान्याच्या लोखंडी कोठ्या अन् गोदरेजचं कपाटही तसंच, आमच्या माजघरात तुरीची कोठी सरकवल्यावर स्वयंपाकघरात सिग्नलच्या दोन डंड्या वाढल्या, बायको म्हणे एवढंच होतं तर आधी काहून नाही सरकवली.

गुरांच्या कोठ्यापर्यंत किंवा वावरातल्या खोलीपर्यंत नेट न्यायचं असन तर तांब्याची केबल एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत नेऊ नका. जवळपास वीज पडली तर दोन्हीकडचे डब्बे जातात. फायबर टाका नाहीतर समोरासमोर दोन अँटेना लावतात ते घ्या, खर्च जास्त आहे पण विजेचं भ्या कमी. मृगाच्या टायमाला गडगडायला लागलं का आम्ही प्लगही काढतो.

अन् विजेची लाइन जायची बोंब तुमच्याकडंही असनच. १२ व्होल्टचा छोटा यूपीएस (बॅटरीवाला डब्बा) मिळते राऊटरचा, तो दोन्हीकडं लावा. घेण्याआधी अडॅप्टरवर व्होल्ट अन् अँपिअर वाचून घ्या, सगळे डब्बे १२ वर चालत नाहीत.

तुम्ही तो डीबीएमचा आकडा अन् रात्रीचा वायरवरचा स्पीड इथं टाका, सोबत फायबर घरात कुठून येते त्याचा फोटोही. रिपीटर घेऊन बसला असान तर खोका फेकू नका, परत करताना लागते.