दुःखात प्रार्थना सुचत नाही तेव्हा

'तुझ्याच हातून काही पाप घडलं असणार' असं कुणी म्हणालं, तर मनावर घेऊ नकोस. बायबलमधल्या, दुःखाने पिचलेल्या ईयोबाला त्याच्या मित्रांनीही हेच ऐकवलं, आणि ईयोबाच्या पुस्तकाच्या ४२व्या अध्यायात देव त्या मित्रांवरच रागावला. तक्रार करणाऱ्या ईयोबाला मात्र त्याने 'माझा सेवक' म्हटलं. तेव्हा प्रार्थनेत गोडच बोललं पाहिजे असं नाही. शब्द सुचत नसतील तर बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतलं १३वं स्तोत्र मोठ्याने वाच. पहिल्या दोनच वचनांत 'कोठवर?' हा प्रश्न चारदा येतो. ८८वं तर अंधारातच संपतं, तरी ते पवित्र शास्त्रात आहे, याचा मला फार आधार वाटतो. गेथशेमाने बागेत, अटक होण्याआधी, प्रभू येशूनेही तीनदा देवाला विनवणी केली. औषधोपचार मात्र थांबवू नकोस. आणि आपल्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, एकाला तरी खरं काय ते सांग, म्हणजे तुला जमणार नाही त्या दिवशी तुझ्यासाठी कुणीतरी प्रार्थना करत असेल.