प्रॉक्सीत लोकलहोस्ट आणि अंतर्गत आयपी ब्लॉक केले, तर एसएसआरएफचा धोका टळतो का?

नाही टळत. एसएसआरएफ म्हणजे हल्लेखोराने यूआरएल देऊन तुमच्याच सर्व्हरला नको तिथे रिक्वेस्ट पाठवायला लावणं. तुमची प्रॉक्सी ठरलेल्या पार्टनर एपीआयसाठी आहे, यूआरएल पॅरामीटरमधून घेते आणि त्यात लोकलहोस्ट, १२७, १० किंवा १९२.१६८ दिसलं की नकार देते, असं तुम्ही लिहिलंय. नेमकी हीच ब्लॉकलिस्ट आमच्या टीम लीडने लिहिली होती, म्हणून हे उत्तर.

मी रिव्ह्यूत म्हटलं होतं की ज्या होस्टकडे जायचंय तेवढेच कॉन्फिगमध्ये लिहा, बाकी सगळं बंद. त्यावर लीडचं उत्तर, "पार्टनर रोज वाढतात, दरवेळी डिप्लॉय करत बसायचं का?" आणि माझी कॉमेंट रिझॉल्व्ह! मग टेस्ट एन्व्हायर्नमेंटवर करूनच दाखवलं. आधी १६९.२५४.१६९.२५४, म्हणजे क्लाउडचा मेटाडेटा पत्ता, जिथून सर्व्हरला स्वतःची माहिती आणि क्रेडेन्शियल्स मिळतात; तो यादीत नव्हताच. त्यांनी घातला. तोच पत्ता मी २८५२०३९१६६ असा सलग आकडा करून पाठवला, लायब्ररीने मुकाट्याने स्वीकारला. त्यांनी रेजेक्स (मजकूर ओळखायचा पॅटर्न) लांबवला. मग माझ्या सर्व्हरवरून ३०२ रीडायरेक्ट दिला, म्हणजे 'इथे नाही, त्या पत्त्यावर जा' असं उत्तर. तपासणी पहिल्या यूआरएलची, रिक्वेस्ट गेली दुसऱ्याकडे, आणि सर्व्हरच्या रोलचे तात्पुरते क्रेडेन्शियल्स स्क्रीनवर हजर. साहेब म्हणाले, "हे थिऑरेटिकल आहे."

२०१९ मध्ये कॅपिटल वन या अमेरिकी बँकेतून अमेरिकेतल्या सुमारे १० कोटी आणि कॅनडातल्या ६० लाख लोकांचा डेटा गेला, तो याच वाटेने: चुकीचं कॉन्फिगर केलेलं फायरवॉल, मेटाडेटा, मग स्टोरेज बकेट. मी ती बातमी ग्रुपवर टाकली. एक अंगठा आला, बस.

रीडायरेक्ट बंद करा, पण तिथे थांबू नका. तपासताना डीएनएस (होस्टच्या नावावरून आयपी सांगणारी यंत्रणा) एक आयपी देतो आणि कनेक्ट करताना दुसरा, हा खेळ जुना आहे. एकदाच रिझॉल्व्ह करा, आलेला आयपी तपासा, त्याच आयपीला कनेक्ट करा. आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे आयपी पत्ते) विसरू नका. प्रॉक्सीच्या मशीनवरून बाहेर कुठे जाता येतं, तेही नेटवर्कच्या पातळीवर आवळा. कोडवर एकट्यावर विसंबणं मला पटत नाही.

पण या सगळ्याच्या आधी होस्टची अलाउलिस्ट, म्हणजे परवानगी असलेल्या होस्टची यादी. "पार्टनर वाढतात" म्हणणाऱ्याला विचारा, गेल्या वर्षी किती वाढले? आमची ती 'रोज वाढणारी' यादी आजही स्क्रोल न करता दिसते.

हो, एडब्ल्यूएसवर (अमेझॉनच्या क्लाउडवर) आयएमडीएसव्ही२, म्हणजे मेटाडेटा सेवेची दुसरी आवृत्ती, सक्तीचं केलं की आधी पुट रिक्वेस्टने टोकन घ्यावं लागतं, त्यामुळे साध्या गेट (GET) रिक्वेस्टचा हल्ला अडतो. मात्र प्रॉक्सी मेथड आणि हेडर जसेच्या तसे पुढे ढकलत असेल, तर त्याच्या भरवशावर राहू नका. आणि वेबहुक किंवा लिंक प्रिव्ह्यूसारखं काही असेल, जिथे यूजर कुठलीही यूआरएल देणार, तिथे अलाउलिस्ट चालत नाही, हे मान्य. ते काम अंतर्गत नेटवर्कपासून तोडलेल्या वेगळ्या मशीनवर न्या. तुमच्या प्रॉक्सीला ही सबब लागू होत नाही.