ग्राफिक्स कार्ड बदलल्यापासून गेम खेळताना कॉम्प्युटर अचानक रिस्टार्ट होतो. हिशोबाने ५५० वॅटचा एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) पुरतो, मग असं का?

तुम्ही दिलेली माहिती आधी एकत्र मांडतो. रायझेन ५ ३६०० प्रोसेसर, आधी जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड, आता सेकंडहँड आरटीएक्स ३०७०, चार-पाच वर्षं जुना ५५० वॅटचा ‘ब्राँझ’ दर्जाचा एसएमपीएस आणि भिंतीच्या सॉकेटपासून मशीनपर्यंत मध्ये ६०० व्हीएचा यूपीएस. दिवसभर ब्राउझर, एक्सेल वगैरे व्यवस्थित चालतं, पण गेम लावला की कधी दहा मिनिटांत, कधी तासाने मशीन निळी स्क्रीन न दाखवता थेट रिस्टार्ट होतं. दुकानदाराने विंडोज नव्याने टाकून दिलं, तरी तेच.

माझ्या मते दोष विंडोजचा नाही, विजेचा आहे. पण नवीन एसएमपीएसवर पैसे घालण्याआधी हे एका संध्याकाळी, फुकटात तपासता येतं, आणि तेच आधी करा.

सुरुवातीला ‘ॲडव्हान्स्ड सिस्टम सेटिंग्ज’मध्ये जाऊन ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’खालची ‘ऑटोमॅटिकली रिस्टार्ट’ची खूण काढा. म्हणजे विंडोज स्वतः कोसळत असेल तर निळी स्क्रीन थांबून राहील आणि वाचता येईल. पुढच्या रिस्टार्टनंतर इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीत विंडोज लॉग्ज, मग सिस्टम उघडा. तिथे ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद सापडेल. तिला घाबरू नका आणि तिच्यावर इलाजही शोधत बसू नका. मशीन नीट शटडाउन न होता बंद पडलं, एवढंच ती सांगते. कामाचा आकडा तिच्या डिटेल्समध्ये आहे, बगचेककोड. तो ० असेल तर विंडोजला काही लिहून ठेवायलाही सवड मिळाली नाही, बहुधा वीजच तुटली. २७८ असेल तर ग्राफिक्स ड्रायव्हर किंवा कार्ड, २९२ असेल तर प्रोसेसर, रॅम, मदरबोर्ड अशा हार्डवेअरची त्रुटी. तुमच्या वर्णनावरून ० च निघेल.

आता वॅटचा हिशोब. प्रोसेसर जास्तीत जास्त ८८ वॅट घेतो, कार्ड २२० आणि बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून ५० धरा. बेरीज ३६० च्या आत. ५५० मधून १९० उरतात, म्हणून ऑनलाइन कॅल्क्युलेटर ‘पुरेसं’ म्हणतो. पण ३०७० चे २२० वॅट ही सरासरी आहे. गेममध्ये एखादा स्फोट झाला, नवीन दृश्य लोड झालं, की कार्ड काही मिलिसेकंदांपुरतं सरासरीच्या दीडपट, कधी त्याहूनही जास्त ओढतं. त्या क्षणी एसएमपीएसची १२ व्होल्टची लाइन ११.४ च्या खाली घसरली, तर तो बोर्डाला दिलेला ‘वीज ठीक आहे’ हा सिग्नल काढून घेतो आणि बोर्ड रिसेट होतो. तुम्हाला दिसतो तो हाच रिस्टार्ट. जीटीएक्स १६५० फक्त ७५ वॅटचं असल्याने हा प्रश्न कधी आलाच नाही.

एचडब्ल्यूइन्फो या व्होल्ट-तापमान दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये १२ व्होल्ट व्यवस्थित दिसतात, असं तुम्ही लिहिलंय. ते दिसणारच. तो प्रोग्रॅम मुळात दर दोन सेकंदांनी वाचन घेतो, मिलिसेकंदाचा खड्डा त्यात सापडत नाही. साध्या मल्टिमीटरचंही तेच. फरमार्क ही कार्डावर भार टाकणारी चाचणी अर्धा तास टिकली हाही पुरावा धरू नका. फरमार्कचा भार जड असला तरी सपाट असतो, आणि एसएमपीएस कोलमडतो तो भार एकदम वर-खाली झाल्यावर. गेमसारखा भार देणारा टाइम स्पाय बेंचमार्क किंवा ज्या गेममध्ये हमखास रिस्टार्ट होतं तोच गेम, ही खरी चाचणी.

आता पहिली पायरी, यूपीएस बाजूला करा. ६०० व्हीएचे घरगुती यूपीएस साधारण ३६० वॅटचे असतात. तुमच्या मशीनला आत ३६० वॅट लागले तर एसएमपीएसमधली घट धरून सॉकेटमधून सव्वाचारशेच्या आसपास ओढले जातात आणि मॉनिटर वेगळाच. म्हणजे प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही भरात आले की यूपीएस ओव्हरलोड. बाहेरची वीज स्थिर असते तोवर तो कसाबसा निभावतो. इमारतीतला पाण्याचा पंप सुरू झाला, ट्यूब क्षणभर मंदावली, की यूपीएस बॅटरीवर उडी मारतो आणि तिथे त्याचा दम संपतो. तो बीपही करतो, पण कानात हेडफोन असल्यावर ऐकणार कोण? शिवाय स्वस्त यूपीएस बॅटरीवर भिंतीच्या विजेसारखी शुद्ध साइन वेव्ह देत नाहीत आणि ॲक्टिव्ह पीएफसीवाल्या (भिंतीतून वीज सुरळीत ओढणारं सर्किट असलेल्या) काही एसएमपीएसना ती पायऱ्यांची वेव्ह मानवत नाही.

तेव्हा मशीन थेट भिंतीच्या तीन पिनांच्या सॉकेटमध्ये लावा, एक्स्टेंशन बोर्डही नको. घर जुनं असेल तर वायरमनला बोलावून फेज-अर्थिंगमध्ये २३० च्या आसपास व्होल्ट येतात का ते बघून घ्या. वळवाचा पाऊस, गडगडाट असताना मात्र ही चाचणी नको. थेट सॉकेटवर दोन-तीन संध्याकाळी रिस्टार्ट झालं नाही, तर गुन्हेगार यूपीएसच. मग १००० व्हीएच्या वरचा घ्या, आणि खोक्यावर व्हीए नव्हे तर वॅट वाचा.

दुसरी पायरी केबलची. मशीन बंद करा, मागचा स्विच पाडा, पाच मिनिटं थांबा. बऱ्याच ३०७० कार्डांवर आठ पिनांची दोन सॉकेट असतात. दोन्ही एकाच केबलच्या दोन तोंडांवर लावली असतील तर ते बदला, एसएमपीएसपासून दोन स्वतंत्र केबल आणा. आठ पिनांच्या एका जोडणीचं प्रमाण १५० वॅट आहे. एकाच केबलवर दोन्ही सॉकेटांचा भार टाकला की जोरात ओढ आली तेव्हा तारेतच व्होल्ट गळतात. प्लग काढल्यावर प्लास्टिककडे नीट बघा. एखाद्या पिनेभोवती पिवळट-तपकिरी छटा किंवा वितळल्याची खूण असेल तर ती केबल पुन्हा वापरू नका. ६+२ प्लगमधला दोन पिनांचा तुकडा बसवताना खाली सरकतो. सहा पिना आत आणि दोन अर्धवट, हे मी अगदी नेहमी बघतो. दोन्ही भाग बोटांनी एकत्र धरून ‘टक’ आवाज येईपर्यंत दाबा. कार्डही स्लॉटमधून काढून पुन्हा बसवा.

तरीही रिस्टार्ट होत असेल तर खरी निर्णायक चाचणी. एमएसआय आफ्टरबर्नर या कार्डाची सेटिंग्ज बदलणाऱ्या प्रोग्रॅममध्ये पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणा आणि गेम ६० एफपीएसवर (सेकंदाला ६० फ्रेम) बांधून ठेवा. नेहमी तासाभरात कोसळणारा गेम आता तीन-चार तास टिकला, तर ड्रायव्हर, रॅम, विंडोज यांचा संशय सोडून द्या. कमी वीज मागितल्यावर आजार जातो, म्हणजे पुरवठाच अपुरा आहे. सेकंडहँड कार्डाचा स्वतःचा वीजपुरवठ्याचा भाग थकलेला असला तरी असंच दिसू शकतं, म्हणून शेवटचा शिक्का दुसऱ्या एसएमपीएसवरच मारायचा. नाशिकच्या एम. जी. रोडवरच्या ओळखीच्या दुकानात कॅबिनेट घेऊन जा, त्यांचा ७५० वॅटचा चांगला एसएमपीएस तासभर बाहेरून जोडायला सांगा आणि तुमचाच गेम तिथे चालवा. दुकानदार त्यांचा एखादा बेंचमार्क चालवून ‘ओके आहे’ म्हणाला तर समाधान मानू नका.

लिमिट कमी करूनही फरक नसेल तर दिशा बदला. बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंग्जमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमचा वाढीव वेग, बंद करून रॅम मूळ वेगावर चालवा, सेफ मोडमध्ये डीडीयू या ड्रायव्हर काढणाऱ्या प्रोग्रॅमने जुना ड्रायव्हर पुसून नवीन टाका, बोर्ड आणि कार्डामध्ये रायझर केबल असेल तर ती काढा. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘व्हीया-लॉगर १८’ ही हार्डवेअर त्रुटीची नोंद दिसली तर प्रोसेसर-रॅमकडे बघा. आणि मशीन रिस्टार्ट न होता पूर्ण बंद पडत असेल, मागचा स्विच पाडून लावल्याशिवाय सुरूच होत नसेल, तर एसएमपीएसचं संरक्षण लॉक होतंय. तेव्हा आधी शॉर्ट सर्किट शोधा.

नवीन एसएमपीएस येईपर्यंत कार्ड अंडरव्होल्ट करून, म्हणजे कमी व्होल्टवर, चालवा. आफ्टरबर्नरमध्ये व्होल्ट आणि वेगाचा कर्व्ह उघडून ९०० मिलिव्होल्टला साधारण १८०० मेगाहर्ट्झ ठेवा आणि पुढची रेघ सपाट करा. नुसतं पॉवर लिमिट सरासरी दाबतं, मिलिसेकंदांचे झटके काही प्रमाणात निसटतात. कर्व्हमुळे वरचे व्होल्टच मिळत नाहीत, म्हणून झटकाही बुटका होतो. परफॉर्मन्स जेमतेम काही टक्क्यांनी घटेल.

घेताना ७५० वॅट घ्या. एनव्हिडियाची ३०७० साठीची शिफारस ६५० ची आहे, पण एप्रिल-मेमध्ये नाशकात पारा चाळिशीला टेकतो आणि गरम एसएमपीएसची ताकद घटते. ‘गोल्ड’ हा शिक्का वीज किती वाया जाते ते सांगतो, झटके झेलण्याबद्दल काही सांगत नाही. त्यासाठी एटीएक्स ३.० किंवा ३.१ हे एसएमपीएसचं प्रमाण लिहिलेला बघा. त्या प्रमाणात एसएमपीएसला त्याच्या वॅटच्या दुप्पट झटका १०० मायक्रोसेकंद पेलावा लागतो. बाजूच्या स्टिकरवर १२ व्होल्टचे अँपिअर वाचा आणि १२ ने गुणा. तुमच्या जुन्या एसएमपीएसवर ३८ अँपिअर लिहिले असतील तर तो ५५० चा नसून कार्डाच्या दृष्टीने ४५६ वॅटचा आहे. ७५० वॅटच्या चांगल्या एसएमपीएसवर ६२ च्या आसपास अँपिअर असतात.

बसवताना जुना एसएमपीएस मॉड्युलर (केबल सुट्या होणारा) असेल तर त्याच्या सगळ्या केबल काढून ठेवा आणि नव्याच्या खोक्यातल्याच वापरा. प्लग सारखे बसतात, पण एसएमपीएसच्या टोकाची तारांची मांडणी प्रत्येक कंपनीची वेगळी. डिस्कला वीज देणाऱ्या चुकीच्या सॅटा केबलने पहिल्याच स्विचला एसएसडी आणि हार्ड डिस्क जळू शकते. प्रोसेसरचा ४+४ आणि कार्डाचा ६+२ प्लगही अदलाबदल करू नका, त्यांच्यातली धन-ऋण बाजू उलटी असते. जुना एसएमपीएस स्वतः उघडू नका. आतला मोठा कपॅसिटर प्लग काढल्यावरही बराच वेळ तीनशेच्या वर व्होल्ट धरून असू शकतो.