मधेच उठता येईल असं गाणं बांध

प्रिय बाय,
अनेक आशीर्वाद.

कॅन्सरच्या वॉर्डातली मुलं आणि शाळेतला वर्ग मिळून एकच गाणं करायचं तू ठरवलंस, हे चांगलं. पण तुझ्या आराखड्यात दोन अंतरे, मधे आलाप आणि शेवटी सगळ्यांनी मिळून तिहाई (एकच तुकडा तीनदा घेऊन समेवर येणं) आहे. शाळेत हे चालेल. वॉर्डात पाचातली दोनच मुलं तिहाईपर्यंत पोचतील. एकीला तपासणीला नेतील, एकाला मळमळेल, एखादं झोपून जाईल. तेव्हा कोणी कधीही उठलं आणि कधीही परत आलं तरी कोसळणार नाही असं गाणं बांध. बाकीचे निर्णय यातूनच निघतात.

आठ मात्रांचं आवर्तन घे, लय मिनिटाला ७२ ते ८० मात्रा. त्यावर चार थर: ठेका, ठेक्याला उत्तर देणारी टाळी, एकाच स्वराची गुणगुण, आणि दोन ओळींचे शब्द. प्रत्येक थर एकटा वाजला तरी ऐकावासा वाटला पाहिजे. घरी तसा वाजवून बघ. चाल सा ते प एवढ्यातच फिरव. आजारात बराच काळ झोपून असलेल्या मुलाला दम पुरत नाही आणि तेरा-चौदाच्या मुलग्यांचा आवाज फुटत असतो. पट्टी पेटीवरून ठरवू नकोस. मूल आपसूक ज्या स्वरात गुणगुणतं तोच सा.

वॉर्डात जायच्या दिवशी सकाळी नर्सना फोन कर. कोणाचे काउंट (रक्तातल्या पेशींचे आकडे) खाली आहेत, कोण वेगळ्या खोलीत आहे, कोणाच्या कुठल्या हाताला सलाईन आहे, हे विचारून घे. बऱ्याच प्रकारच्या किमोनंतर सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या आसपास पांढऱ्या पेशी सर्वांत खाली जातात. त्यांतल्या संसर्गाशी लढणाऱ्या पेशी, म्हणजे न्यूट्रोफिल, ५००च्या खाली असल्या तर साधा संसर्गही जिवावर बेतू शकतो. अशा मुलाकडे डॉक्टरांनी हो म्हटलं तरच, आणि तूही एकटीनेच जा. तुला स्वतःला सर्दी असेल तर त्या दिवशी घरीच राहा.

घुमट, म्हणजे मातीच्या मडक्याला कातडं चढवलेलं आपलं गोव्याचं वाद्य, वॉर्डात नको. बिनझिलईची भाजलेली माती आणि कातडं, दोन्ही नीट निर्जंतुक होत नाहीत, आणि स्पिरिटने पुसून पुसून कातडं कोरडं पडून तडकतं. बासरी, माउथ ऑर्गन, फुंकायचं कुठलंच वाद्य नको. प्लास्टिकचे शेकर, गुळगुळीत टिपऱ्या, छोटा कीबोर्ड आणि फोनमधला तानपुरा पुरे. पुसायला कुठलं द्रव वापरायचं ते वॉर्डालाच विचार. पुसल्यावर लगेच फडक्याने कोरडं करू नकोस. थोडा वेळ ओलं राहिलं तरच त्याचा उपयोग. मुलांच्या संख्येपेक्षा दोन नग जास्त ने, म्हणजे एकाच्या हातातलं वाद्य थेट दुसऱ्याच्या हातात जाणार नाही.

औषधांची नावं पाठ करायची गरज नाही, पण किमोच्या दोन औषधांचे परिणाम ओळखता आले पाहिजेत. विनक्रिस्टिनने बोटं बधिर होतात, पकड सुटते. मूल टिपरी टाकतं आणि आपण समजतो त्याचं लक्ष नाही. टिपरीवर रबरी नळीचा जाड तुकडा चढव, नाहीतर शेकर मनगटाला बांध. बांधायची पट्टी प्रत्येकाची वेगळी, धुतलेली. सिस्प्लॅटिनने आधी वरच्या पट्टीतलं ऐकू येणं कमी होतं. त्या मुलाला मंजिरी ऐकूच येत नाही आणि मोठा आवाज कानाला आणखी घातक, म्हणून कांसाळं (काशाची झांज) बाद. खुणेसाठी हात वर कर, टिचकीवर अवलंबून राहू नकोस. तोंडात फोड आले असतील तर ओठ मिटून गुणगुणायचा थर त्या मुलाचा. प्लेटलेट कमी असतील तर टाळी मांडीवर हलकी. हातावर हात आपटला तरी काळंनिळं होतं.

पंचवीस मिनिटं म्हणजे भरपूर. पंधरा-सोळाच्या मुलांना बडबडगीत दिलंस तर ती भिंतीकडे तोंड करतील. त्यांना फोनवर बीट बनवू दे. शब्द आजारावरच लिहा असं सुचवूही नकोस. एखाद्याला बसस्टँडवरच्या भजीपावावर लिहायचं असेल तर भजीपावावर. शूर, लढवय्या हे शब्द तुझ्या तोंडी नकोत. शेजारी बसलेल्या आईला ठेका दे. बांबोळीच्या इस्पितळात पेडण्यापासून काणकोणपर्यंतची, म्हणजे अख्ख्या गोव्यातली माणसं येतात, सिंधुदुर्गातलीही. फुगडी-धालोसारखे बायकांचे नाच अंगात असलेल्या बायका त्यांत निघतात, आणि ठेका मुलापेक्षा त्या घट्ट धरतात.

शाळेत मात्र घुमट हवंच. चवथीच्या आरतीमुळे हिंदू मुलांना त्याचा ठेका कानावरून येतो, मांडो या कोंकणी गीतप्रकारामुळे ख्रिस्ती मुलांनाही परका नसतो. घेताना बोकडाच्या कातड्याचंच बघ. पूर्वी घोरपडीचं लावत, पण घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्याखाली (१९७२) येते. चाळीस मुलांत सहा घुमटं, एक शामेळ (काठ्यांनी वाजवायचं चर्मवाद्य), एक कांसाळं. बाकीची टाळी आणि गुणगुण करतात, दर चार आवर्तनांनी अदलाबदल. मुलं उजव्या हाताने नुसतं बडवतात. मागचं तोंड डाव्या तळव्याने झाकलं-उघडलं की आवाज बदलतो, हे पहिल्या दहा मिनिटांतच दाखव. पावसाळ्यात कातडं सैल पडून आवाज बसतो. ऊन नसेल तर हेअर ड्रायर वीतभर लांब धर आणि कातडं कोमट लागताच थांब.

व्हिडिओ कॉलवर दोन्हीकडे एकत्र वाजवायच्या फंदात पडू नकोस. आवाज पोचायला लागणारा उशीर सारखा बदलतो आणि ठेका फाटतो. वॉर्डातला थर आधी रेकॉर्ड कर: फोन एअरप्लेन मोडवर, कानात मेट्रोनोम, सुरुवातीला चार मात्रा मोजलेल्या. तो व्हॉइस मेसेज म्हणून न पाठवता फाइल म्हणून पाठव, आवाज कमी बिघडतो. शाळा त्यावर पुढचा थर चढवते आणि परत पाठवते. पालकांची लेखी परवानगी आणि मुलाचा स्वतःचा होकार, दोन्ही हवेत. चेहरा नको, नाव नको. त्याच वर्गातलं मूल वॉर्डात असेल तर आजाराबद्दल काय आणि किती सांगायचं हे ते मूल आणि घरचे ठरवतील, तू किंवा वर्गाच्या बाई नाही. मूल गेलं तर त्याच्या आवाजाची फाइल आधी घरच्यांकडे द्यायची. वर्गात वाजवायची की नाही हे त्यांना विचारून.

आणि कांजिण्या. पुरळ दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच त्या पसरतात, आणि किमोवरच्या मुलाला जीवघेण्या ठरू शकतात. शाळेत शिरण्याआधी दर वेळी मुख्याध्यापकांना विचार. वर्गात कोणाला निघाल्या असतील आणि तुला पूर्वी झालेल्या नसतील, लसही नसेल, तर शेवटच्या संपर्कापासून २१ दिवस तुला वॉर्ड बंद. तुझी लस झाली आहे का, ते या आठवड्यातच आईला विचारून मला कळव; मगच वॉर्डाची तारीख ठरवू.

कळावे.