आरोग्य-शंका: टीएसएच वाढला, गोळी वाढवायची का?

प्रश्न : वय 44. थायरॉइडची 50 मायक्रोग्रॅमची गोळी तीन वर्षं चालू आहे. टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं हार्मोन) 2.6 असायचा, आता 7.8 आला. फ्री टी4 (रक्तात मोकळं असलेलं थायरॉइडचं हार्मोन) 1.1 म्हणजे नॉर्मल. गोळी एकदाही चुकवलेली नाही. मध्यंतरी कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, त्याही सकाळीच घेते. डोस वाढवावा का?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : आपणहून वाढवू नका. टीएसएच मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीतून येतो. रक्तात थायरॉइडचं हार्मोन थोडं जरी कमी पडलं, तरी तो वाढतो. फ्री टी4 अजून नॉर्मल आहे, म्हणजे तूट किरकोळ आहे. आमचा पहिला संशय त्या नव्या गोळ्यांवर. कॅल्शियम आणि लोह थायरॉइडच्या गोळीला पोटातच बांधून ठेवतात, मग ती रक्तात पुरेशी उतरत नाही. त्या किमान चार तासांनी, जेवणानंतर घ्या. थायरॉइडची गोळी उठल्यावर रिकाम्या पोटी साध्या पाण्याबरोबर घ्या आणि चहा अर्धा ते एक तास थांबवा. पुणेकराला हे जड जातं, पण दुधाचा चहा लगेच पोटात गेला तर गोळी नीट शोषली जात नाही. बाटली गॅसच्या ओट्यावर ठेवू नका. उष्णता आणि दमटपणाने गोळीचा जोर कमी होतो.

हा बदल करून सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासा. रक्तातला टी4 अर्धा व्हायलाच आठवडा लागतो, नवी पातळी स्थिर व्हायला त्याहून बराच जास्त. सहा आठवड्यांआधीचा टीएसएच फसवा असतो. लॅब तीच ठेवा, वेळही सकाळचीच. टीएसएचसाठी उपाशी राहायची गरज नाही, पण त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यावरच घ्या, कारण ती घेतल्यावर काही तास फ्री टी4 चढलेला दिसतो. तरीही टीएसएच चढाच राहिला तर डॉक्टर डोस बदलतील. दिवस राहिले असतील तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

प्रश्न : टीएसएच 0.08, फ्री टी4 वाढलेला. त्रास काहीच नाही. केसांसाठी बायोटिन (एक बी-जीवनसत्त्व) घेते.
— एक वाचक, हडपसर

उत्तर : हे आकडे थायरॉइडचं हार्मोन जास्त झाल्यासारखे दिसतात, पण बऱ्याच यंत्रांची तपासणीच बायोटिनच्या जोडणीवर चालते. रक्तात ते जास्त असलं की टीएसएच खोटा कमी आणि फ्री टी4 खोटा जास्त येतो. केसांच्या गोळीत ते 10 मिलीग्रॅमपर्यंत असू शकतं. निदान दोन दिवस ती बंद ठेवा, लॅबला तसं सांगा आणि पुन्हा रक्त द्या. आकडे तेच आले, किंवा धडधड, हातांना कंप, वजन घटणं सुरू झालं, तर लगेच डॉक्टरांना दाखवा.